आधी वाचून दाखवणाऱ्या ताई

माझ्या थोरल्या नणंदेइतकं निरुपद्रवी आणि तरीही अख्ख्या घराला कामाला लावणारं माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत आणि आफ्रिकेच्या चोपन्न देशांत मिळून दुसरं सापडायचं नाही. हे वाक्य मी त्यांना फोनवर वाचून दाखवलेलं आहे आणि त्यांची त्याला हरकत नाही. फक्त ‘निरुपद्रवी’ हा शब्द त्यांना जरा झोंबला. “पत्रकाराला निरुपद्रवी म्हणतेस? मग तीस वर्षं मी केलं काय?” असं त्यांनी विचारलं. पण शब्द राहू दे म्हणाल्या, कारण त्यांच्या मते प्रत्येकाला आपलं मत असण्याचा हक्क आहे आणि भावजयीला तर तो जरा जास्तच आहे.

ताई फ्रीलान्स पत्रकार आहेत. पूर्व आफ्रिकेतली तळी, जंगलं, नद्या आणि त्यांच्या काठानं राहणारी माणसं हा त्यांचा विषय. वर्षातले सात-आठ महिने त्या तिकडे असतात आणि उरलेले आमच्या ईडन प्रेरीच्या घराच्या बेसमेंटमध्ये, लिहायला. पुण्यात राहिल्या तर नातेवाईक लिहू देत नाहीत. आमच्याकडे नोव्हेंबरनंतर दार उघडलं तरी नाक गोठतं, त्यामुळे झक मारत बसून लिहावं लागतं आणि लेख वेळेवर होतात, असा त्यांचा हिशोब. मिनेसोटाच्या थंडीचा कोणी इतका मनापासून फायदा करून घेतलेला मी दुसरा पाहिला नाही. बेसमेंटच्या एका भिंतीवर व्हिक्टोरिया सरोवराचा नकाशा, दुसऱ्या भिंतीवर टांझानियाच्या वेळेचं घड्याळ, आणि खाली जमिनीवर कागद. त्या कागदांवरून चालायचा एक ठरलेला रस्ता होता. तो माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाला, कधीच पाठ झाला नाही.

घड्याळाची एक वेगळीच कथा आहे. तिकडे स्वाहिलीत वेळ उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. ताईंच्या डोक्यात हे गणित इतकं मुरलंय की अमेरिकेत उतरल्यावरही ते निघायला आठवडा लागतो. एकदा त्यांनी विमानात बसण्याआधी भावाला मेसेज केला, ‘उद्या तीनला उतरते.’ हा बरोबर दुपारी तीनला विमानतळावर हजर. ताई सकाळी नऊलाच उतरल्या होत्या. तो पोचला तेव्हा त्या बॅगेवर बसून विमानतळावर झाडलोट करणाऱ्या एका सोमाली बाईंशी गप्पा मारत होत्या आणि त्यांच्या वहीची नऊ पानं भरली होती. “अगं, फोन तरी करायचास,” तो म्हणाला. “कशाला? तू आला असतास तर हिचं बोलणं अर्धवट राहिलं असतं,” ताई म्हणाल्या. घरी येताना गाडीत त्या बाई आणि त्यांचा डबाही होता, कारण त्यांची शिफ्ट संपली होती आणि त्यांचं घर आमच्या वाटेवर होतं. निदान ताईंच्या मते ते वाटेवर होतं.

आमच्या मंडळातल्या लोकांना ताई नेमकं काय करतात हे आजवर कळलेलं नाही. इथे माणूस भेटला की पहिला प्रश्न, कुठल्या कंपनीत? ताई सांगतात, कुठल्याच नाही. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव येतो. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायच्या जेवणाला, आमच्या एका काकांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, “हे बघा ताई, वरी करू नका. टेस्टिंगचा थ्री मंथ्सचा कोर्स करा, मी स्वतः रेफर करतो. एजचं काही नसतं हो आता.” ताईंनी त्यांचे आभार मानले आणि टेस्टिंगमध्ये नक्की काय करतात ते तासभर विचारलं. मग काका म्हणाले, “आफ्रिकेत असता म्हणजे आमचा मावसभाऊ भेटला असेल, नैरोबीला असतो.” आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो. ताईंनी मात्र त्या मावसभावाचा पत्ता लिहून घेतला. चार महिन्यांनी त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या आणि नैरोबीच्या वहिनींनी दिलेला शंकरपाळ्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. काका आता ताईंबद्दल कोणाला काही बोलू देत नाहीत.

माणसांना आपल्याकडची नावं लावायची ही त्यांची आणखी एक खोड. सरोवरातला त्यांचा वाटाड्या नावाडी जोसेफ, तो आमच्या घरात जोसेफराव. जिल्ह्याचे अधिकारी, ते भाऊसाहेब. आणि किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या रेहेमा नावाच्या बाई, त्या रेहेमाबाई. उगालीला त्या मक्याची उकड म्हणतात आणि तिच्यावर मेतकूट घालून खायला त्यांनी निम्म्या गावाला शिकवलंय. त्यामुळे आमच्या घरी जेवताना या माणसांचं बोलणं निघालं की पाहुण्यांना वाटतं दापोलीकडची कोणी भाऊबंद मंडळी आहेत. माझ्या मुलीलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

एका जुलैत ताईंनी मिनिआपोलिसमधल्या एका आफ्रिकन दुकानातून बोटाएवढी चंदेरी मासळी आणली, तिला तिकडे डगा म्हणतात, आणि आमच्या डेकवर जुन्या चादरीवर वाळत घातली. ऊन वाया जातंय हे त्यांना बघवत नव्हतं. शिवाय लेखात मासळी वाळण्याचं वर्णन करायचं तर तो वास नाकात असायला हवा होता. तो वास आमच्या सगळ्यांच्याच नाकात होता. माझी मुलगी म्हणाली, “आत्या, दॅट स्मेल इज इन माय हेअर.” ताई कौतुकानं म्हणाल्या, “बघ, केवढं तपशीलवार बोलते.” तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं की शेजाऱ्यांची तक्रार आहे. ताईंनी रागावून चार पानी उत्तर लिहिलं आणि ते पाठवण्याआधी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांकडे गेल्या. एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ, वाडवडील नॉर्वेचे. “तुमच्याबद्दल मी यात असं असं लिहिलंय, ते बरोबर आहे का ऐकून घ्या,” असं सांगून त्यांनी चारही पानं त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवली. आजोबांनी दुसऱ्या पानावर सांगितलं की त्यांची आजी अशीच मासळी वाळवायची. तिसऱ्या पानावर त्यांनी कॉफी केली. पत्र गेलंच नाही. चादर त्यांच्या डेकवर गेली, तिथे ऊन जास्त यायचं.

ही वाचून दाखवण्याची गोष्ट मात्र गमतीची नाही, म्हणजे ताईंच्या लेखी नाही. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला ते छापायच्या आधी त्याच्या भाषेत शब्दन् शब्द वाचून दाखवायचं आणि तो हो म्हणाला तरच पाठवायचं, हा त्यांचा नेम. इथल्या संपादकांना तो अजिबात चालत नाही. पत्रकारानं कच्चा मजकूर कोणाला दाखवायचा नसतो असं त्यांचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य असेल. ताईंची कितीतरी कामं या एका हट्टापायी हातची गेली. हा हट्ट त्यांनी घेतला माझ्या सासूबाईंकडून. दापोलीत शेजारणीशी बिनसलं की सासूबाई तिच्या दारात जाऊन सांगायच्या, “मी आता तुझ्याबद्दल चार घरी बोलणार आहे. काय बोलणार ते आधी ऐकून घे, मागाहून चुकीचं कानावर यायला नको.” आठवड्यातून तीन पहाटे आमच्या बेसमेंटमधून वर स्वयंपाकघरापर्यंत ताईंचा स्वाहिली आवाज यायचा, मध्ये मध्ये थांबायचा, पलीकडून कोणी काही सांगायचं, पेन्सिल चालायची आणि पुन्हा वाचन सुरू व्हायचं. मला एक अक्षर कळायचं नाही, पण त्या आवाजावर मी चहा टाकायचे.

गेल्या ऑक्टोबरात या नेमाची खरी परीक्षा झाली. ज्याचं नाव काढलं की माझा नवराही लॅपटॉपवरून मान वर करतो अशा एका मोठ्या मासिकानं ताईंना पहिल्यांदा लांब लेख मागितला होता, अंकातला मुख्य लेख. तीस वर्षं त्या याची वाट बघत होत्या. तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत, पण त्या मासिकाचे जुने अंक त्यांच्या पलंगाखाली होते आणि ते मी झाडताना पाहिले होते. लेख होता सरोवराच्या काठावरच्या वाळूचा. त्या वाळूवर बायका मासळी वाळवतात, त्यावर त्यांची घरं चालतात, आणि तीच वाळू बांधकामांसाठी ट्रक भरभरून नेत होते. लेखाच्या मधोमध रेहेमाबाई होत्या. बाकी सगळ्यांना वाचून झालं होतं. जोसेफराव, भाऊसाहेब, इतकंच काय, ट्रकच्या मालकालासुद्धा. फक्त रेहेमाबाईंचा फोन आठ दिवस लागत नव्हता. शेवटी जोसेफरावांनी शोध लावला की त्या लेकीच्या बाळंतपणाला पलीकडच्या बेटावर गेल्या आहेत आणि तिथे नेटवर्क नाही. संपादकाला लेख शनिवारी, आमच्या इथल्या वेळेनं सकाळी अकरा वाजेपर्यंत हवा होता. नाहीतर ती पानं दुसऱ्याला जाणार होती.

शुक्रवारी संपादकाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्याचं म्हणणं साधं होतं. बाईंची मुलाखत झाली आहे, रेकॉर्डिंग आहे, त्या जे बोलल्या तेच लिहिलं आहे, मग अडलंय कुठे? ताईंनी शांतपणे सांगितलं की त्या काय बोलल्या ते मी ऐकलंय, पण मी काय ऐकलं ते त्यांनी अजून कुठे ऐकलंय? फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “ताई, एवढ्या वेळेला पाठवून द्या ना. त्यांना कुठे कळणार आहे?” ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, “म्हणूनच.”

नेमका त्याच शनिवारी सकाळी माझ्याकडे मंडळाचा भोंडला होता. बावीस बायका, आणि एवढा फेर धरायला जागा फक्त बेसमेंटमध्ये. ताईंनी स्वतःहून कागद उचलले, एका खोक्यात भरले आणि पाटावरचा हत्ती काढायलाही बसल्या. हत्तीचे कान त्यांनी सुपाएवढे काढले. नागपूरच्या एक काकू म्हणाल्या, “अहो, आपल्या हत्तीचे कान लहान असतात.” ताई म्हणाल्या, “मला हाच येतो.” बोलत होत्या हसून, पण डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. जोसेफराव पहाटेच होडी घेऊन बेटाकडे निघाले होते. रेहेमाबाईंना नेटवर्क असलेल्या धक्क्यावर घेऊन येतो म्हणाले होते, पण वारा होता.

दुसरं गाणं संपत आलं होतं आणि दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा फोन वाजला. ताईंनी हात वर केला आणि बावीस बायकांचा फेर जागच्या जागी थांबला. स्क्रीनवर संध्याकाळचं ऊन, जोसेफरावांचा अर्धा चेहरा, आणि मग रेहेमाबाई. डोक्याला निळं फडकं, छातीशी लेकीचं चार दिवसांचं बाळ, मागे सात-आठ बायका. ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या, कागद मांडीवर घेतले आणि वाचायला लागल्या. मी इथे राहून बारा वर्षं झाली, पण आमच्या मंडळाच्या बायका पंचवीस मिनिटं गप्प उभ्या राहिलेल्या मी त्या दिवशी पाहिल्या. कोणाला एक शब्द कळत नव्हता. पलीकडच्या हसल्या की आमच्या हसायच्या. पलीकडे कोणी डोळ्याला पदर लावला की इकडे दोघींचे पदर वर जायचे.

वाचन संपलं. रेहेमाबाईंनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मग हळू आवाजात दोन-तीन वाक्यं बोलल्या. ताईंनी एक प्रश्न विचारला. रेहेमाबाईंनी मान हलवली. ताईंनी पेन्सिल घेतली आणि पाचव्या पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ मारली. पानं मीच प्रिंट केली होती, पण ती स्वाहिलीत होती, त्यामुळे पाचवं पान पूर्ण गेलं एवढंच मला कळलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही.

दहा पस्तीस. ताई लॅपटॉप घेऊन वरच्या पायरीवर सरकल्या, चौथं आणि सहावं पान जोडायला. जाता जाता फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “त्या विचारताहेत तुम्ही काय करताय. दाखव त्यांना.” मी फोन हत्तीच्या पाटाला टेकवून उभा केला आणि आम्ही पुन्हा फेर धरला. पलीकडच्या बायकांना दोन कडव्यांत ताल कळला, त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मग त्यांच्यातल्या एकीनं जीभ हलवत असा लांबलचक आनंदाचा चीत्कार केला की आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पुढच्या गाण्यात नागपूरच्या काकूंनी तसाच करून बघितला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. खिरापत ओळखायची वेळ झाली तेव्हा मी जोसेफरावांना इंग्रजीत सांगितलं आणि त्यांनी पलीकडे समजावलं की झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं आहे. सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, “समाकी!” ताई लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाल्या, “मासे म्हणताहेत.” डब्यात दडपे पोहे होते. तरी खोबरं ओलं आहे एवढं रेहेमाबाईंनी बरोबर ओळखलं.

दहा चोपन्नला ताईंनी लॅपटॉप मिटला. मी जवळ जाऊन विचारलं, “गेला?” “गेला.” “आणि ते पान?” ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “लेखाचा जीव होता गं तो,” म्हणाल्या. मग दडपे पोह्यांची बशी मागितली आणि दोनदा घेतले. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, इथे तर तीच भरली आहेत. पण जिन्यात बसून पोहे खाणाऱ्या त्या बाईचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कोणाचा वाटलेला नाही.

लेख छापून आला. मुख्य लेख म्हणून नाही, आतल्या पानांवर, निम्मा करून. संपादकानं कळवलं की आधी सांगितलं होतं त्या मानानं काहीतरी कमी वाटतं. मी आणि माझा नवरा आठवडाभर संपादकाच्या नावानं बोटं मोडत होतो. ताईंनी अंकाच्या प्रती जोसेफरावांकडे पाठवल्या. ट्रक काही दिवस थांबले आणि मग थोड्या अंतरावरून सुरू झाले. हे त्यांनी आम्हाला लपवून ठेवलं नाही. पण एक झालं. रेहेमाबाईंनी ताईंचा नंबर काठावरच्या गावागावांतल्या बायकांना दिला. ‘ही आधी वाचून दाखवते,’ एवढीच शिफारस. आता ताईंना कोणाचं दार ठोठावावं लागत नाही, फोन तिकडूनच येतात, इतके की या वर्षी त्यांनी सरोवराकाठच्या मवान्झा शहरात एक खोली घेतली आणि थंडीसाठीसुद्धा आमच्याकडे आल्या नाहीत.

बेसमेंट आता नीट आवरलेलं आहे. कागदांमधला रस्ता राहिला नाही. माझा नवरा कुठेही पाय ठेवू शकतो, आणि हल्ली तो खाली फारसा जात नाही. भिंतीवरचं टांझानियाचं घड्याळ मी काढलेलं नाही. शेजारचे आजोबा अधूनमधून कुंपणापाशी येऊन विचारतात की चादर कधी येणार. पहाटे मी चहा टाकते तेव्हा खालून आवाज येत नाही आणि मला फार चुकल्यासारखं होतं.

म्हणून हे लिहिलं. आणि लिहिलं म्हणजे वाचून दाखवणं आलं. परवा फोन लावला आणि सुरुवातीपासून वाचत गेले. ताई मनापासून हसल्या. विमानतळाच्या गोष्टीत त्यांनी दुरुस्ती केली की वहीची नऊ नव्हे, अकरा पानं भरली होती. मला मात्र नऊच आठवतात, म्हणून ती तशीच ठेवली. मग तो शुक्रवारचा फोन आणि शनिवारचा भोंडला यांच्यामधला एक परिच्छेद आला. मी शुक्रवारी दुपारी कपडे धुवायला खाली गेले तेव्हा जे पाहिलं, ते त्यात होतं. माझ्या मते अख्ख्या लेखात तेवढंच मला चांगलं जमलं होतं. पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता. मग त्या म्हणाल्या, “तेवढं काढशील का गं?”

“ताई, लेखाचा जीव आहे तो,” मी म्हटलं. त्यावर दोघींनाही हसू आलं.

तो परिच्छेद मी काढलाय. तुम्हाला वाचायला मिळाला असता तर ताई तुम्हाला अजून आवडल्या असत्या. एवढं लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.